बारशाच्या घुगऱ्या आणि अठ्ठावन्न हजारांची यादी

प्रश्न :

काकू, नमस्कार. मी २९ वर्षांची, चिंचवडला राहते, एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. सातवा महिना सुरू आहे, पहिलंच बाळ. दोघांचा मिळून महिन्याला ६३ हजार पगार हातात येतो, त्यातले २३ हजार घराच्या हप्त्याला जातात. बाजूला टाकलेले १ लाख ६० हजार आहेत. बाळंतपणाचं बिल नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यात ५० हजारांपर्यंत बसतं. सासूबाई आमच्याजवळच असतात. त्यांचं म्हणणं, पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून बारशाचा खर्चही माझ्या वडिलांनी करायचा. हॉल, दोनशे पानं, बाळाला सोन्याची साखळी, शिवाय बार्शीहून येणाऱ्या भाऊबंदांचा मानपान. वडील एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, कराडजवळ गावी असतात. ते म्हणतात, ‘करू की, त्यात काय.’ पण आई फोनवर गप्प असते. इकडे नणंद रोज मोबाइलवर वस्तूंच्या लिंक पाठवते. ते सगळं कार्टमध्ये टाकून पाहिलं तर ५८ हजार झाले, यादी सोबत जोडते आहे. वर तिनंच विचारलं, ‘आमच्या पिल्लूचे कपडे नि पाळणा देऊ का?’ मला ते फार लागलं. माझ्या पहिल्या बाळाला उतरलेले कपडे? सासूबाई म्हणतात, बाळ व्हायच्या आधी घरात काही आणायचंच नाही. नवरा म्हणतो, तुम्ही बायका काय ते ठरवा. रात्री झोप येत नाही, मग मी मोबाइलवर बाळाच्या वस्तू बघत बसते. कोणाचं ऐकू? नक्की किती खर्च करू?

– होणारी आई

उत्तर :

अगं पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी नुसते आकडे वाचले. छत्तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली की डोळ्यांना तीच खोड लागते. दुसऱ्या वेळी मात्र ‘आई फोनवर गप्प असते’ या चार शब्दांपुढे जाता येईना. वडिलांचं ‘करू की, त्यात काय’ तू खरं धरू नकोस. लेकीच्या सासरच्या बाबतीत कुठलाही बाप दुसरं काही बोलत नाही. डब्यात किती आहेत ते आईला माहीत असतं, म्हणून ती गप्प.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट आहे. एक निवृत्त गृहस्थ मुदत ठेव मोडायला आले. आधी माझ्या हातावर पेढा ठेवला, नात झाली म्हणून, आणि मग पावती पुढे केली. ठेवीची मुदत भरायला सात महिने उरले होते. मी म्हटलं, आता मोडलीत तर व्याज कमी बसेल, वर दंड कापला जाईल. ते हसले. म्हणाले, ‘कापा मॅडम, बाराव्या दिवशी हॉल ठरलाय.’ वर्षभरानं तेच गृहस्थ पुन्हा आले, या वेळी सोनेतारण कर्जासाठी. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. बायकोच्या दोन बांगड्या रुमालात बांधून आणल्या होत्या. त्यांच्या लेकीला यातलं काही ठाऊक असेल असं मला नाही वाटत, आणि सासरच्यांना तर नाहीच. त्यांच्या लेखी बारसं झकास झालं होतं.

एसटीच्या कंडक्टरला निवृत्तीनंतर महिन्याला किती पेन्शन पडते, हे मी पासबुकं भरताना पाहिलं आहे. आकडा चार आकडीच असतो. उरतो तो फंड आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे त्यांचं म्हातारपण. आता सासूबाईंच्या बारशाची बेरीज करू. दोनशे पानं, साडेतीनशेचं ताट धरलं तरी ७० हजार. हॉल नि सजावट. साखळी पाच ग्रॅमची म्हटली तरी तोळ्याचा भाव लाखाच्या पार गेलेला, त्यावर घडणावळ नि ३ टक्के जीएसटी. मग बार्शीकरांना साड्या, टॉवेल-टोप्या. ही बेरीज दोन लाखांच्या अलीकडे काही थांबत नाही. आणि यातलं बाळासाठी काय आहे? बाळाला त्या दिवशी दूध हवं असतं आणि झोप. दोनशे माणसांत दोन्ही मिळत नाही.

तेव्हा पहिलं काम नवऱ्याचं. ‘तुम्ही बायका काय ते ठरवा’ हे फार सोयीचं वाक्य आहे. ऐकायला उदार वाटतं नि अंगाला काही लागत नाही. पण ज्या बाईशी बोलायचंय ती त्याची आई आहे. तू बोललीस तर सून बोलली, तो बोलला तर मुलगा बोलला. शब्द तेच, पण घरात पडणारी ठिणगी वेगळी. आणि हे बोलताना तू तिथं नसलेलीच बरी. त्यानं एवढंच म्हणावं, ‘आई, बाळाला आडनाव आपलं लागणार, मग बारसं आपल्या घरचं. माझ्याकडे त्यासाठी २५ हजार आहेत. त्यात काय काय बसवायचं, कोणाला बोलवायचं, ते तू ठरव.’ बघ, यात ‘नाही’ हा शब्द कुठेच नाही. कारभार त्यांच्याच हातात दिलाय, फक्त थैलीचं तोंड बांधून. ज्या बाईनं बार्शीत चार लग्नं उरकली असतील ती २५ हजारांत बारसं बसवू शकत नाही, असं म्हणायची तुझी तरी हिंमत होईल का?

त्यांना खलनायिका ठरवू नकोस. त्यांच्या काळी माहेरहून काय आलं यावरच बाईची किंमत व्हायची, त्याच मापानं त्या आजही मोजतात. शिवाय सहा महिन्यांनी तू कामावर जाशील तेव्हा बाळ त्यांच्याच मांडीवर असणार आहे. आज एका हॉलपायी त्यांच्याशी वाकडं घेणं परवडायचं नाही, आणि हे मी निव्वळ हिशेबानं सांगतेय.

बारशाचं म्हणशील तर बाराव्या दिवशी घरातल्या घरात करा. पाच सवाष्णी, पाळणा, आत्या बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगणार नि बायका तिच्या पाठीत धपाटे घालणार, झालं. बाराव्या दिवसाच्या बाळाला शंभर जणांनी हाताळणं, पापे घेणं डॉक्टरांनाही नको असतं, आणि टाके ओले असताना तुला साडी नेसून चार तास बसवणंही बरं नाही. भाऊबंदांना बोलवायचंच असेल तर बाळ तीन महिन्यांचं झालं की सोसायटीच्या हॉलमध्ये पन्नास माणसं बोलवा. आणि सासूबाईंना घुगऱ्या करायला सांग, हरभऱ्याच्या, खोबरं घालून. आपल्याकडे मोठी माणसं कशी दटावतात, ‘तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी!’ तुझ्या बारशाचं पनीर खाल्लंय, असं दटावताना मी अजून कोणाला ऐकलं नाही.

साखळीचं राहिलं. तान्ह्या बाळाच्या गळ्यात साखळी घालून झोपवू नये, गळ्याशी आवळायची भीती असते. म्हणजे फोटो काढून ती कपाटातच जाणार. मोडायला नेलीस तर घडणावळ बुडाली. वडिलांना नातवंडाच्या अंगावर काही घालायचंच असेल तर अडवू नकोस बरं का, तो त्यांचा आनंद आहे. ‘बाबा, पायात वाळे तुमच्याकडचे हवेत’ असं तूच हक्कानं माग. चांदीही आता काही स्वस्त राहिलेली नाही, पण वाळ्यांचं ओझं त्यांना पेलेल. सोनंच हवं असेल तर ग्रॅमभराचं वेढणं घ्यावं. त्यात घडणावळ नगण्य, फक्त हॉलमार्क बघून घ्यायचं. आणि सासूबाईंनी विचारलं, ‘एवढंच?’ तर त्यांच्या मुलाला तिथंच बसलेलं असू दे.

एक उलट बाजूही आहे. तू बाळंतपणाला कराडला गेलीस, किंवा आई चिंचवडला आली, तरी तूप, डिंक, खारीक-खोबरं, अळीव, बदाम, मालिशवाली बाई हे सगळं होणारच. ते गुपचूप आईबापांच्या माथी जातं आणि त्याचा हिशेब कधीच कोणी मांडत नाही. त्यासाठी तुम्ही दोघं २५ हजार वेगळे काढा. वडील पैसे हातात घेणार नाहीत, म्हणून हातात देऊच नकोस. किराणा तू तिकडच्या दुकानात परस्पर भर, मालिशवाल्या बाईचे पैसे महिन्याचे आधीच देऊन टाक. दवाखान्याची अनामत नवऱ्यानं काउंटरवर भरून यायचं, विम्याचं काय होईल ते होईल. सासरा नि जावई बिलावरून दवाखान्याच्या दारात झोंबाझोंबी करताहेत, दोघांच्या हातात पाकिटं आणि कॅशियर जांभई देतोय, हे दृश्य मी तीन-चार वेळा पाहिलंय. ते टाळ.

आता तुझी ५८ हजारांची यादी. ही वाचताना मी दोनदा मोठ्यानं हसले, रागावू नकोस.

तुमच्याकडे स्कूटर आहे आणि यादीत ९ हजारांची कारसीट आहे. (पुढे चारचाकी घ्याल त्या दिवशी मात्र कारसीट आधी घ्या, त्यात काटकसर नको.) घर दोन खोल्यांचं आहे आणि यादीत बाळाचं रडणं ऐकायचं यंत्र आहे. अगं, दोन खोल्यांत तान्हं बाळ रडलं तर चिंचवड स्टेशनापर्यंत ऐकू जातं. १४ हजारांची बाबागाडी ढकलायला सलग फूटपाथ लागतो. तो तुमच्या रस्त्यावर असेल तर घे. नसेल तर चार महिन्यांनी तिच्यात धुतलेल्या कपड्यांची चळत दिसेल. वॉकर तर फुकट मिळाला तरी नको. त्यानं बाळ लवकर चालत नाही, उलट पायऱ्यांवरून गडगडतं, गरम भांड्यापर्यंत पोचतं. कॅनडानं २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. मोहरीची उशी, डोक्याला आकार यायला म्हणे! बाळाला उशीविना, सपाट गादीवर, पाठीवर झोपवायचं असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. ती मोहरी फोडणीत घाल. पावडर नको, ती श्वासातून आत जाते. बूट तर नकोच नको. जे माणूस वर्षभर चालणार नाही त्याला तीन जोड बूट कशाला?

बाटल्या नि त्या उकळायच्या यंत्राचे साडेसहा हजार दिसले. टीव्हीवर कधी दूधपावडरीची किंवा दुधाच्या बाटलीची जाहिरात पाहिलीस का? आठव बरं. नसेलच पाहिली. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक केला. बाटली, बाळाच्या दुधाची पावडर, दोन वर्षांच्या आतल्या बाळांचं डबाबंद अन्न यांची जाहिरात करायची नाही, आईला फुकट नमुने वाटायचे नाहीत. जाहिरात दारानं येत नाही म्हणून ती आता ‘आईच्या बॅगेत काय असावं’ अशा यादीतून खिडकीनं येते. पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध, हे तुला डॉक्टर सांगतीलच. पण काही कारणानं पुरलं नाही आणि डॉक्टरांनीच वरचं दूध सांगितलं, तर त्याच दिवशी खालच्या मेडिकलमधून आण नि मनाला लावून घेऊ नकोस. आधीपासून साठा मात्र नको.

खरं लागतं ते पिंपरी कॅम्पात किंवा तुळशीबागेत तासाभरात मिळतं. पुढून उघडणारी, नाड्यांची सुती झबली आठ-दहा, लंगोट दोन डझन, दुपटी सहा, त्यातली निम्मी आईच्या जुन्या नऊवारीची किंवा मऊ झालेल्या साडीची, मेणकापड दोन, छत्रीची मच्छरदाणी, ताप बघायला थर्मामीटर, बारीक नखकापणी. थंडीत बाळ असेल तर दोन कुंच्या. हे सगळं पाच-सहा हजारांत बसतं. नव्यानं जन्मलेल्याच्या मापाचे कपडे जास्त घेऊच नयेत, कारण ते महिना-दीड महिन्यात आखूड होतात. बाळाचं जन्माचं वजन पाच महिन्यांच्या आसपास दुप्पट होतं. शिवाय बाळंतविड्यात झबली-टोपडी येणारच, आणि सगळ्यांच्या हौसेचं माप एकच, तीन महिने. जवळच्यांना निर्लज्जपणे सांगून टाक, ‘वर्षाच्या मापाचं आणा.’

डायपर की लंगोट, यावर तुमच्या घरात भांडण होईल, अजून झालं नसेल तर. हिशेब सांगते. तान्हं बाळ दिवसाला आठ-दहा वेळा ओलं करतं. दहा रुपयांचा एक डायपर धरला तर दिवसभर डायपरच वापरल्यास महिन्याला अडीच-तीन हजार. रात्री नि बाहेर जाताना मिळून दोन-तीन वापरले तर सात-आठशे. मी दुसऱ्या पद्धतीची. पण ‘आमच्या वेळी कुठं होते डायपर’ असं जो म्हणेल, त्यानं दिवसाचे लंगोट धुवायचे, असा नियम आधीच करून टाक. आमच्या वेळी लंगोट होते हे खरं, ते धुवायला कोण होतं हेही मला चांगलं आठवतं.

आणि आता नणंद. इथं मला तुझे कान धरायचे आहेत.

सासूबाईंना हॉल हवा तर तो खोटा मान, आणि तुला उतरलेले कपडे खटकले तर ते मात्र मन? दोन्ही एकच आहे गं. आमच्याकडे तर तान्ह्याला पहिल्यांदा नवं घालतच नाहीत. धुऊन धुऊन मऊ झालेलं, दुसऱ्या बाळाच्या अंगावरून आलेलं झबलं मुद्दाम मागून आणतात. नव्या कापडाला खळ असते, शिवण टोचते. बाळाची कातडी म्हणजे सायच. माझ्या मुलाचे पहिले दोन महिने थोरल्या दिरांच्या लेकीच्या झबल्यांत गेले, त्यांतल्या एकावर गुलाबी बदक होतं. तो आज अडतीस वर्षांचा आहे, त्याला काही झालेलं नाही. जी बाई स्वतःच्या पिल्लूचा पाळणा द्यायला तयार आहे ती तुला कमी लेखत नाहीये. लिंका पाठवते त्याही बहुधा, तिला तेव्हा कोणी काही सांगितलं नव्हतं म्हणून. पुन्हा बाळाची आत्या तीच, नाव ठेवायचा मान तिचा. पाळणा घे. फक्त कठडा हलत नाही ना, दोन गजांमधून डोकं जाईल एवढी फट नाही ना, ते नवऱ्याला बघायला लाव. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळव.

यातूनच सासूबाईंचा ‘आधी काही आणायचं नाही’ हा नियमही सुटतो. मला तो नियम आवडतो, कारण वेगळं आहे. आधी आणलेल्या वस्तूंतल्या निम्म्या नंतर लागत नाहीत. नणंदेचं सामान तिच्याच घरी राहू दे, दवाखान्यातून फोन गेला की ती घेऊन येईल. तू फक्त दवाखान्याची पिशवी भरून ठेव, तिला त्यांचीही हरकत नसेल. बाकीची यादी कागदावर, पैसे पाकिटात, पाकीट नवऱ्याकडे. आणि मोबाइलमधलं ते कार्ट आज रिकामं कर. सातव्या महिन्यात रात्री झोप येत नाही ती पोटाच्या भारानं नि काळजीनं. काळजी होते बाळाची आणि समोर दिसतं स्ट्रोलर, मग वाटतं की ते घेतलं की शांत वाटेल. झोप आली नाही तर उठून नवऱ्याला उठव. पुढची दोन वर्षं त्यालाही सवय लागायची आहे.

पैसे खरोखर कुठे लागतात ते सांगते. माझा नातू जन्मला तेव्हा तिसऱ्या दिवशी पिवळा दिसायला लागला. कावीळ निम्म्याहून जास्त बाळांना होते, बहुतेकांची आपोआप जाते, त्याची वाढली. काचेच्या पेटीत, निळ्या दिव्याखाली तीन दिवस ठेवला. बाळ ठणठणीत घरी आलं, पण दवाखान्यानं सांगितलेल्या ‘पॅकेज’मध्ये बाळाचा खर्च नव्हताच, ते बिल वेगळं निघालं. माझा मुलगा रात्री दहा वाजता मित्रांना फोन करत होता. त्याच्या घरी तेव्हा १८ हजारांचा लाकडी पाळणा येऊन पडला होता.

म्हणून तुझ्या १ लाख ६० हजारांतले १ लाख दवाखान्याशिवाय कशालाही हात लावायचे नाहीत असे ठेव. वेगळ्या खात्यात, मोबाइलवरून पटकन खर्च होणार नाहीत अशा. दवाखान्यात जाऊन साध्या बाळंतपणाचं नि सिझेरियनचं, दोन्हींचं लेखी विचारा. खोली कुठली घेता यावर सगळे दर हलतात, ते विचारा. बालरोगतज्ज्ञांची फी नि काचेची पेटी आत धरली आहे का, तेही विचारा. सिझेरियन झालं तर तुझ्या विम्याचे ५० हजार पुरतीलच असं नाही, वरचे याच लाखातून जातील. कंपनीच्या विम्यात बाळाचं नाव जन्मानंतर ठरावीक दिवसांत घालावं लागतं, अनेक ठिकाणी ती मुदत तीसच दिवसांची असते. त्या गडबडीत विसरतंच, म्हणून नवऱ्यानं आत्ताच ऑफिसात विचारून तारीख कॅलेंडरवर लिहावी. उरलेल्या साठातले २५ बारशाचे, २५ माहेरचे, १० बाळाचे. झाला हिशेब.

तुझ्या रजेचं तू लिहिलं नाहीस. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा हा कायदा आहे, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. तब्येत साथ देत असेल तर आधी कमी घे, म्हणजे नंतर बाळाजवळ जास्त राहशील. अर्ज लेखी दे नि पोच घे. नवऱ्याला खासगी कंपनीत अशी कायद्याची रजा नाही, तेव्हा त्यानं आत्तापासून साठवावी. त्याची पंधरा दिवसांची रजा मला त्या चौदा हजारांच्या बाबागाडीपेक्षा मोलाची वाटते.

गुटी, मध, काजळ यांवरून पुढे वाद होणार, तो मला पत्रात न लिहिताही दिसतो. सहा महिने पाण्याचा थेंबही नको, मग सहाणेवर उगाळलेलं मुरुडशेंग-वेखंड कुठलं. मध तर वर्षभर अजिबात नाही, त्यातून बाळाला जिवावरचं दुखणं होऊ शकतं. काजळात शिसं निघालेलं आहे. हे तू सांगू नकोस. सहाव्या आठवड्याच्या डोसला सासूबाईंना सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत त्यांना बसव. ‘आजी, तुमच्यावर सोपवतो’ असं डॉक्टर म्हणाले की त्याच घरातल्या पहारेकरी होतात. डोस महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतात. न्यूमोनियाची न्यूमोकोकल लस पूर्वी खासगीत हजारो रुपयांना घ्यावी लागायची, २०२१ पासून तीही देशभर सरकारी यादीत आली. तिथं रांग असते, एवढंच. नाकं मुरडणाऱ्यांना मुरडू दे.

कागदपत्रांचं थोडक्यात. जन्माची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते, बहुधा दवाखानाच पाठवतो, पण झाली का ते बघ. नाव ठरलं नसेल तर रकाना रिकामा सोडता येतो, वर्षाच्या आत भरलं तर पैसे लागत नाहीत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आपल्या राज्यात बाळाच्या नावापाठोपाठ आईचं नाव लागतं, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे तुझ्या नावाचं स्पेलिंग तुझ्या आधारवर आहे तेच तिथं जाऊ दे. एका अक्षरापायी लोकांच्या किती चकरा होतात ते मी पाहिलंय. मुलगी झाली तर बारशाच्या पाकिटांतले पैसे घेऊन पोस्टात जा नि सुकन्या समृद्धीचं खातं उघड, वर्षाला २५० रुपयांपासून चालतं. मुलगा झाला तर त्याच्या नावानं पीपीएफ.

आणि हे उत्तर वाचून झालं की आधी आईला फोन कर. ‘बारसं आमच्याकडे आहे, तू फक्त ये,’ एवढं म्हण. नंतर नणंदेला कर. पाळण्याबरोबर छत्रीची मच्छरदाणीही आहे का विचार. तिच्या एवढ्या मोठ्या यादीत ती नव्हती, म्हणजे माळ्यावर नक्की असणार.